तलाव पिणारं पितळी मस्तक

पूर्वी एकदा, गावांची नावं जेव्हा तळ्यांवरून पडत आणि माणसांची ओळख त्यांच्या कामावरून होत असे, त्या काळी एका राज्यात दोन डोंगरांच्या मधोमध एक मोठा तलाव होता. त्याच्याखाली उतारावर सात गावं वसलेली होती. तलावाला एकच दगडी मोरी होती. त्या मोरीची जाड फळी उचलली की पाणी पाटात उतरायचं आणि एकेका गावाच्या पाळीप्रमाणे शेतात पोचायचं.

फळी उचलण्याचं आणि टाकण्याचं काम सगुणा नावाच्या बाईकडे होतं. आधी तिचा नवरा ते काम करायचा. तो गेल्यावर गावांनी मिळून ठरवलं की, हे काम आता सगुणेनेच बघावं. लोक तिला पाटकरीण म्हणत.

तलावात उतरायला चाळीस पायऱ्या होत्या. किती पायऱ्या उघड्या पडल्या यावरून सगुणा पाण्याचा अंदाज घ्यायची. कुणाला किती वेळ पाणी द्यायचं, केव्हा हात आखडायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची एकुलती एक मुलगी वेणू सगळ्यात खालच्या वाडीत दिली होती. तरीही सगुणेने त्या वाडीला कधी ओंजळभर पाणी जास्त सोडलं नाही. लोकांना हे माहीत होतं, म्हणूनच पाण्यावरून तिथे भांडण होत नसे.

त्याच राज्यात एक नगरशेठ राहत होता. माणूस हुशार होता, यात शंका नाही. तरुणपणी त्याने एक नवा रहाट तयार करवून घेतला होता. त्याला एकच बैल पुरायचा आणि विहिरीचं पाणी दुपटीने वर यायचं. घरोघर ते रहाट लागले आणि शेठ श्रीमंत झाला. इतका श्रीमंत की, राजासुद्धा त्याला उठून आसन देऊ लागला. रहाट खरोखर चांगला होता, त्यामुळे शेठ बोलेल ते खरंच असणार असं राजाला वाटू लागलं. एका गोष्टीत खरा ठरलेला माणूस सगळ्याच गोष्टींत खरा धरला जातो, तशातली ही गत.

एका वर्षी शेठने राजधानीच्या चौकात एक पितळी मस्तक आणून ठेवलं. माणसापेक्षा तिप्पट मोठं, डोळे मिटलेलं. त्याच्या आत हजारो पातळ पत्रे होते आणि बारीक बारीक चाकं होती. शेठने त्याचं नाव ठेवलं महामती. कुणी त्याला प्रश्न विचारला की आतली चाकं घरघरत आणि मस्तक माणसासारखं उत्तर देई.

हे साधलं कसं, तेही सांगतो. शेठची माणसं तीन वर्षं गावोगाव हिंडली होती. त्यांनी वैदूंना औषधं विचारली, सुतारांना मापं विचारली, म्हाताऱ्या बायकांना ओव्या आणि पाककृती विचारल्या. लोकांनीही हातचं न राखता सांगितलं. ते सगळं पत्र्यांवर कोरून मस्तकात भरलं होतं.

लोकांची झुंबड उडाली. कुणी बैलाच्या खुराचं दुखणं विचारलं, कुणी राजाकडे द्यायचा अर्ज सांगून घेतला. सगुणाही एकदा बाजाराला गेली तेव्हा रांगेत उभी राहिली. तिने गुडघेदुखीवर उपाय विचारला. मस्तकाने निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. आठ दिवसांत तिला आराम पडला. हा उपाय मधल्या गावातली एक आजी सांगत असे, हे तिला नंतर आठवलं. पण मध्ये इतकी वर्षं ती तो विसरून गेली होती आणि मस्तकाने त्याची आठवण करून दिली, याचं तिला कौतुकच वाटलं.

शेठ तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण एक दिवस भर दरबारात शेठ उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, आज महामती उत्तरं देतो. तीन वर्षांत तो इतका शहाणा होईल की, जगातला एकही माणूस त्याच्या पासंगाला पुरणार नाही. दुष्काळ राहणार नाही, रोग राहणार नाही. वैद्य लागणार नाहीत, पंतोजी लागणार नाहीत. पिकं कशी घ्यायची ते तो सांगेल आणि आपण फक्त खायचं."

राजाने विचारलं, "मग अडचण कशाची आहे?"

"पाण्याची," शेठ म्हणाला. "विचार करताना मस्तक तापतं. जितका मोठा विचार, तितका ताप. त्याला सतत थंड पाण्याखाली ठेवावं लागतं. मला सात गावांच्या तलावातलं अर्धं पाणी हवं. तीन वर्षंच."

दरबारात कुजबुज झाली. शेठने आवाज खाली आणला. "आणि महाराज, शेजारच्या राज्यांतले व्यापारीही असंच मस्तक घडवताहेत. त्यांचं आधी शहाणं झालं तर आपण त्यांचे गुलाम होऊ. ही वस्तू भलत्या हातात पडली तर राज्यं बुडतील. म्हणून ती माझ्या देखरेखीखालीच असलेली बरी."

मागे एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "हा म्हणतो ही वस्तू स्वर्ग आणील. हाच म्हणतो ही वस्तू राज्य बुडवील. आणि दोन्हीवर उपाय एकच, याला पाणी द्या." आजूबाजूचे लोक हसले. लोकांना शंका आली नव्हती असं नाही. हाटात, पारावर, पाणवठ्यावर सगळीकडे तीच चर्चा होती. पण त्या शंकेला दरबारात उभं राहून बोलेल असं तोंड नव्हतं.

राजाने सगुणेला दरबारात बोलावून घेतलं, कारण पाणी तिच्या हातातून सुटणार होतं. त्याने विचारलं, "पाटकरीणबाई, तुमचं काय म्हणणं?"

सगुणेला दरबारात बोलायची सवय नव्हती. ती म्हणाली, "महाराज, मस्तक चांगलं आहे. मी स्वतः विचारून पाहिलंय. पण तीन वर्षांनी शेठजी म्हणतात तसं झालं नाही तर?"

शेठ हसला. त्याचं हसणं दुष्ट नव्हतं, पण समोरच्याला लहान करणारं होतं. "बाई, तुमची काळजी मला समजते. महामती शहाणा झाला की पाणी वाटायलाही कुणी लागणार नाही. आपलं काम जाईल असं ज्याला वाटतं, त्याला नवं काही पटत नाही. यात तुमचा दोष नाही."

सगुणा मागे आपल्या जागी गेली. राजाने एका वर्षासाठी अर्धा तलाव शेठला दिला. वर्षभरात काय होतं ते पाहू आणि मग पुढचं ठरवू, असा निर्णय झाला.

घरी परत येताना शेठचं बोलणं सगुणेच्या मनात सलत राहिलं. तो म्हणतो ते खरंच तर नसेल ना, असं तिला वाटू लागलं. आपण शंका घेतो ती सात गावांसाठी, की आपल्या मोरीसाठी? आपल्या हातून फळी जाईल म्हणून तर आपण अडून बसलो नाही ना? दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. शेवटी तिने ठरवलं की, आपण पुन्हा जाऊन नीट बघू. मस्तक खरंच तसं होणार असेल तर आपण आपल्या हाताने फळी उचलून द्यायची आणि मनात किंतु ठेवायचा नाही.

ती पुन्हा राजधानीत गेली. चौकात मस्तकासमोर उभी राहून तिने विचारलं, "आमच्या मोरीच्या पोटात, पाण्याखाली, किती चिरे बसवलेत?"

हे फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. मोरी उपसली त्या वर्षी दोघांनी मिळून ते मोजले होते.

चाकं घरघरली. मस्तक म्हणालं, "बावीस."

चिरे चौदा होते. सगुणेने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मस्तक म्हणालं, "एकतीस."

दोन्ही वेळा आवाज तसाच होता, गंभीर आणि ठाम. निर्गुडीचा शेक सांगतानाही तो असाच होता. सगुणेला हे फार विचित्र वाटलं. माणूस न कळलेलं सांगायला लागला की कुठेतरी अडखळतो, मान खाजवतो, डोळे चुकवतो. त्यावरून समोरच्याला काय ते कळतं. या मस्तकाला डोळे चुकवता येत नव्हते.

मस्तक घडवणारा तांबट चौकाजवळच राहत होता. तो दिवसभर ठोकठोक करायचा आणि फारसं बोलायचा नाही. सगुणा त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. तिने पाणी मागितलं आणि मग सरळ विचारलं, "दादा, हे तुम्ही घडवलंत. तीन वर्षांत ते सगळ्या जगाहून शहाणं होईल का?"

तांबटाने हातोडी बाजूला ठेवली. "मावशी, वस्तू चांगली झाली आहे. मी आयुष्यात याहून चांगली घडवली नाही. लोकांनी जे सांगितलं ते त्याच्या पोटात आहे आणि ते नीट जुळवून सांगतं. जे सांगितलं नाही तेही जुळवूनच सांगतं. तीच त्याची खोड. ती काढायला किती दिवस लागतील, निघेल की नाही, मला माहीत नाही."

"मग तीन वर्षं कुणी सांगितली?"

"आम्हा कारागिरांपैकी कुणी नाही. ते शेठजी सांगतात."

"शेठजी खोटं बोलतात म्हणायचं?"

तांबट विचारात पडला. "खोटं म्हणवत नाही. मोठं बोललं की पाणी मिळतं, पाणी मिळालं की आणखी मोठं बोलावं लागतं. रोज तेच बोलून बोलून आता त्यांना ते खरंच वाटत असावं."

सगुणेने हे सगळं राजाच्या कारभाऱ्याला सांगितलं. कारभाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हटलं, "वर्षाचा शब्द दिला गेला आहे. वर्ष तर होऊ द्या."

मग शेठच्या माणसांनी तलावापासून राजधानीपर्यंत नवा पाट खणला. ठरलेल्या दिवशी सगुणेने आपल्या हाताने फळी उचलली. पाणी नव्या पाटाने वळून दिसेनासं झालं. गावांच्या पाळ्या निम्म्या झाल्या.

हिवाळा कसाबसा निघाला. उन्हाळ्यात तलावाच्या तीस पायऱ्या उघड्या पडल्या. एरवी त्या दिवसांत वीस दिसायच्या. लोक मोरीवर यायचे, पाण्याकडे बघायचे आणि काही न बोलता परत जायचे. ते बोलले असते तर सगुणेला बरं वाटलं असतं.

ज्येष्ठ लागला तेव्हा शेठने दवंडी पिटवली. महामतीने सांगितलं आहे की, यंदा मृगाच्या पाचव्या दिवशी भरपूर पाऊस येईल आणि सलग महिनाभर पडेल. आधी कोरड्या मातीत धूळपेरणी करून ठेवील त्याला दुप्पट पीक मिळेल.

वेणू त्या वेळी माहेरी आली होती. तिने आईला विचारलं, "घरात सगळे म्हणतात, पेरून टाकू. तू काय म्हणतेस?"

सगुणेच्या मनात होतं की, थांबा. वाऱ्याची दिशा अजून बदलली नव्हती. मुंग्यांनी अंडी हलवली नव्हती. पण तिला खात्री नव्हती आणि दरबारातलं ते हसणं ती विसरली नव्हती. आपण नाही म्हणावं आणि पाऊस यावा, मग लोक म्हणतील पाटकरीण जळते. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. मला त्यातलं काय कळतं?"

तिला कळत होतं. पुढे कितीतरी वर्षं तिला या वाक्याची लाज वाटत राहिली.

खालच्या वाडीने पेरलं. वरच्या गावांतही बऱ्याच जणांनी पेरलं. मृगाचा पाचवा दिवस आला आणि गेला. एक हलकी सर आली, तेवढ्याने बी रुजून वर आलं, आणि मग अठरा दिवस आभाळ कोरडं राहिलं. कोवळे कोंब पिवळे पडले. असं पूर्वीही कधी कधी व्हायचं, पण तेव्हा तलावात पाणी असायचं. सगुणा एक जादा पाळी सोडायची आणि रोपं तगायची. या वेळी तिने मोरीवर उभं राहून खाली पाहिलं. अडतीस पायऱ्या उघड्या होत्या. उरलेलं पाणी फळीच्या खाली होतं, ते पाटात चढणारच नव्हतं.

सगुणा चालत खालच्या वाडीत गेली. वेणूचा नवरा बांधावर बसला होता. त्याने सासूकडे पाहिलं आणि उठून तिला बसायला घोंगडी अंथरली. कुणी तिला दोष दिला नाही. वेणूने चहूकडे हात फिरवून शेत दाखवलं आणि म्हणाली, "बियाणं होतं तेवढं सगळं यात गेलं, आई."

सगुणा म्हणाली, "त्या दिवशी मी तुला थांब म्हणायला हवं होतं. माझ्या ओठावर होतं."

"मग म्हणाली का नाहीस?"

"मला हसतील म्हणून."

 वेणूने आईचा हात धरला आणि दोघी तशाच बांधावर बसून राहिल्या.

वर्ष भरायच्या आधीच शेठ पुन्हा दरबारात आला. त्याचा चेहरा पडलेला नव्हता. तो म्हणाला, "महाराज, पाऊस चुकला, मला मान्य आहे. पण का चुकला? अर्ध्या तलावाच्या पाण्यावर अर्धाच विचार होणार. महामतीला सगळा तलाव द्या. मग चूक होणार नाही. आता थांबलो तर झालेलं सगळं वाया जाईल, आणि शेजारची राज्यं पुढे निघून जातील."

राजा अडचणीत पडला होता. एवढं दिल्यानंतर मागे फिरणं त्याला कठीण वाटत होतं. शेजारच्या राज्यांची भीतीही होतीच. सातही गावांतून माणसं आली होती. दरबाराबाहेर अंगण भरून गेलं होतं. राजाने विचारलं, "कुणाला काही सांगायचं आहे का?"

या वेळी सगुणा न बोलावता पुढे आली.

"महाराज, मला कुणाचं नुकसान करायचं नाही. मस्तक शहाणं व्हावं असं मलाही वाटतं. दुष्काळ गेलेला कुणाला नको आहे? मला एक उपाय सुचतोय."

"सांगा," राजा म्हणाला.

"तलावाच्या वरच्या अंगाला शेठजींची बाग आहे. डोंगरातला झरा तलावात यायच्या आधी त्या बागेतून जातो. बागेत कारंजी आहेत, कमळांची कुंडं आहेत, आमराई आहे. मी पाणी मोजणारी बाई आहे. त्या बागेला तीन गावांइतकं पाणी लागतं. ते पाणी आधी मस्तकाला द्यावं. एक-दोन वर्षं बाग कोरडी राहील. तोवर गावांना त्यांचं पाणी परत मिळेल. पुढे मस्तक शहाणं झालं की शेठजी म्हणतात तसं सगळ्यांनाच सगळं मिळणार आहे."

राजाला ते पटलं. त्याने शेठकडे पाहिलं. "यात काही अडचण दिसत नाही."

शेठ गडबडला. "महाराज, ती बाग माझ्या आजोबांनी लावली. साठ-साठ वर्षांची झाडं आहेत. दोन वर्षं पाणी तोडलं तर ती उभी जळतील."

सगुणा शांतपणे म्हणाली, "पण तीनच वर्षांचा तर प्रश्न आहे ना, शेठजी? त्यातलं एक सरत आलं."

"तीन म्हणजे..." शेठ म्हणाला. "बाई, अशा कामात नेमकं कोण सांगू शकतं? तिनाची पाच होतील, दहा होतील. कदाचित म्हटलं तसं होणारही नाही. त्या भरवशावर मी माझी झाडं कशी मारू? मेलेलं झाड पुन्हा उभं राहतं का?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. 

 बाहेरच्या अंगणातही हे ऐकू गेलं होतं.

सगुणा म्हणाली, "खालच्या वाडीची रोपंही पुन्हा उभी राहिली नाहीत, शेठजी. त्यांनी तुमच्या भरवशावर पेरलं होतं."

ती एवढंच बोलली आणि मागे आपल्या जागी जाऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता.

 राजा म्हणाला, "यात शेठजींचं स्वतःचं काय लागलंय, हा प्रश्न वर्षापूर्वी मी विचारायला हवा होता." त्याने नवा पाट बुजवायचा हुकूम दिला. ज्यांची पेरणी गेली त्यांना राजाच्या कोठारातून बियाणं मिळावं आणि शेठने आपल्या कोठारातून तितकंच घालावं, असं ठरलं. शेठने मान खाली घालून ते कबूल केलं.

दरबार सुटला तसे काही तरुण पहारी घेऊन चौकाकडे निघाले. मस्तकाचे तुकडे करायचे त्यांच्या मनात होतं. सगुणेला कळलं तशी ती आडवी गेली.

"याने काय केलं?" तिने विचारलं.

"याच्यामुळे आमची पिकं गेली," एक जण म्हणाला.

"याने तलाव मागितला होता का? दवंडी याने पिटली का? तुमच्या आज्यांनी सांगितलेली औषधं याच्या पोटात आहेत. ती फोडून काय मिळणार?"

पोरं जराशी घुटमळली आणि पहारी खांद्यावर टाकून परत फिरली.

पुढे राजाने मस्तक शेठकडून घेतलं आणि राजधानीच्या चावडीत ठेवलं. त्याला रोज चार घागरी पाणी ठरवून दिलं. तेवढ्यात जमेल तेवढाच विचार त्याने करायचा. तांबटाला त्याच्या देखभालीला नेमलं. तांबटाने दोन वर्षं खपून एकच गोष्ट केली. एकेक पत्रा काढून पाहिला, काही बदलले, काही नव्याने कोरले.

एक दिवस एक बाई चावडीत आली. तिचा नवरा मीठ आणायला समुद्राकडे गेला होता आणि त्याला परत यायला उशीर झाला होता. तिने विचारलं, "तो कधी येईल?"

चाकं घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मग मस्तक म्हणालं, "ते मला ठाऊक नाही."

चावडीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. तांबट कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता. त्या दिवसापासून लोक मस्तकाकडे अधिक येऊ लागले. ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्या हो म्हणण्यावर विसंबता येतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

शेठ मात्र काही वर्षांनी दुसऱ्या राज्यात गेला. तिथेही त्याने राजासमोर मोठमोठी स्वप्नं मांडली. त्याची संपत्ती कमी झाली नव्हती, रहाट अजून खपत होते, आणि रहाट घ्यायला लोक आनंदाने येत. पण या दरबारातली गोष्ट त्याच्या आधीच तिथे पोचली होती, आणि तो उद्याचं काही सांगू लागला की समोरचा साधा शेतकरीसुद्धा हात जोडून विचारायचा, "शेठजी, यात तुमचं स्वतःचं काय लावलंत?" या प्रश्नाचं उत्तर त्याला शेवटपर्यंत देता आलं नाही, आणि म्हणून पुन्हा कुठला तलावही मिळाला नाही.

बोध: मोठं वचन देऊन जो आपल्याकडून मोठं मागतो, त्याचा शब्द तोलण्याआधी त्याने स्वतःचं काय पणाला लावलं आहे ते पाहावं; आणि मनात शंका आली तर हसू होईल म्हणून ती गिळू नये.